सातवर थांबलेलं मशीन

"एकोणपन्नास पॉइंट चार," नाझनीन म्हणाली.

मी खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. भाचीची हळद आणि लग्न उरकून त्या सकाळी पेणहून कंपनीच्या बसने रोह्याला आले होते. हातावरची मेंदी अजून लालभडक होती आणि डोक्यात हळदीचा बँजो वाजत होता.

"काय एकोणपन्नास?"

"इमिडॅझोल, मॅडम. प्युरिटी."

"नव्याण्णव म्हणायचंय का तुला?"

"नाही हो. एकोणपन्नास. परत परत केलं. तेच येतंय."

मी बॅग टेबलावर टाकली आणि मशीनच्या पडद्याकडे बघितलं. खरंच, ४९.४. माझा विश्वास बसेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आकडा हलायला तयार नव्हता.

आमच्या कंपनीत बुरशीवरच्या मलमाला लागणारा कच्चा माल बनतो. त्यासाठी इमिडॅझोल नावाचे पांढरे खडे बाहेरून विकत येतात, ड्रमातून. माल आला की आमची क्यूसी लॅब तो तपासते. शंभरातला किती भाग खरा इमिडॅझोल आहे, ते बघायचं. नव्याण्णवच्या खाली आला तर माल परत. हे ड्रम आले तेव्हा मीच तपासले होते, माझ्या हाताने, काचेच्या ब्युरेटवर. नव्याण्णव पॉइंट सहा. त्यानंतर ड्रम स्टोअरमध्ये गेले. एका कस्टमरच्या ऑडिटनंतर नवा नियम आला होता की प्रॉडक्शनला माल देण्याआधी पुन्हा एकदा तपासायचा. म्हणून नाझनीन आज तो तपासत होती.

तर नव्याण्णव असलेला माल स्टोअरमध्ये बसून अर्धा झाला. आता याचा अर्थ काय लावायचा?

"दुसरे ड्रम?"

"सगळे तसेच. पन्नासच्या अल्याडपल्याड."

नाझनीन रोह्याचीच. भाऊ दुबईला, वडिलांचं बाजारात कपड्याचं दुकान, आणि हिचं लक्ष फक्त रसायनांत. माझ्या हाताखाली शिकलेली आहे आणि काम चोख करते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, माझं काही चुकलं का?" असं तिने विचारलं.

तेवढ्यात आमचे क्यूसी मॅनेजर सबनीस साहेब आत आले. त्यांना आकडा आधीच कळला होता. या कंपनीत वाईट बातमी लिफ्टने येते आणि चांगली जिन्याने.

"बाजूला व्हा," म्हणाले. टेबलावरचं एक बीकर उचललं, त्यातलं थोडं परीक्षानळीत ओतलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. सिल्व्हर नायट्रेट हे मीठ पकडणारं रसायन. मिठातलं क्लोराइड त्याला सापडलं की नळीत दही पडल्यासारखा पांढरा साका होतो.

झाला. पांढराशुभ्र साका.

सबनीस साहेबांनी नळी उजेडात धरली. "मीठ," ते म्हणाले. "अर्धा माल काढून घेतलाय आणि अर्धं मीठ भरलंय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माल कमी भरलेला बघितला, ओला झालेला बघितला, चुकीचं लेबल लागलेला बघितला. पण कोणी शांतपणे बसून ड्रम अर्धा रिकामा करून त्यात मीठ कालवेल, हे ऐकून मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"स्टोअरची चावी कोणाकडे असते?" सबनीस साहेबांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. सगळ्या कंपनीला माहीत आहे.

हिराजी म्हात्रे. आमचे स्टोअरकीपर. पेणच्या खाडीकडच्या गावातले. तरुणपणी मिठागरावर राबले, मग कंपनी आली तेव्हा इथे लागले. रिटायरमेंट जवळ आलेली. दर उन्हाळ्यात ते घरून खडे मिठाची एक गोणी आणतात, भावकीच्या मिठागरातली. लोणच्यासाठी, सुकटीसाठी ज्याला हवं त्याने डबा घेऊन जायचं. पैसे कोणी विचारायचे नाहीत, विचारले की त्यांना राग येतो. लॅबच्या बायका मे महिन्यात कैरी आणायच्या आधी हिराजींची गोणी आली का, ते बघतात. मागच्या वर्षी त्यातलंच मीठ सबनीस साहेबांच्या घरच्या बरणीत गेलं होतं.

थोड्या वेळात प्लांट हेड नायर साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. तिथे एचआरचे गोरे उभे होते, आणि त्यांच्या पायाशी ती गोणी होती. अर्धी भरलेली. तोंडाला सुतळी.

"स्टोअरच्या मागच्या खोलीत सापडली," गोरे म्हणाले. एखादं हत्यार सापडल्यासारखा त्यांचा आवाज होता.

"अहो, ती दरवर्षी तिथेच असते!" मी म्हणाले.

"तेच तर," सबनीस साहेब म्हणाले. "कोणाला शंका येणार? या खाडीकडच्या लोकांना काय, मिठाला तोटा नाही. पांढऱ्यात पांढरं कालवलं की झालं."

मला सणकन राग चढला. "साहेब, माझं माहेर खाडीकडचं आहे. माझे आजोबा मिठागरावर होते."

"तुम्हाला नाही हो म्हणालो, पाटील मॅडम."

"मग कोणाला म्हणालात?"

नायर साहेबांनी हात वर केला. केरळचा माणूस, पण रोह्यात इतकी वर्षं काढलीत की भांडण कुठे चाललंय ते त्यांना मराठीतही आधी कळतं. "बस. मला एक गोष्ट सांगा. माल अर्धा आहे की नाही?"

"मशीन तसं सांगतंय," मी म्हणाले.

"आणि मीठ आहे की नाही?"

"टेस्ट तसं सांगते," सबनीस साहेब म्हणाले.

"मग पोलीस बोलवायला लागतील. त्याचा ग्रॅच्युइटी, सर्व्हिस, सगळा प्रश्न आहे. मला पण वाईट वाटतं. चांगला माणूस होता."

होता! माणूस गेटपाशी सिक्युरिटी केबिनमध्ये बसवलेला, आणि इथे होता झाला.

"साहेब, लंचपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मला एकदा माझ्या हाताने बघू द्या. पोलीस कुठे पळून जात नाहीत, आणि हिराजीही नाहीत."

नायर साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. सबनीस साहेबांनी मान हलवली नाही.

लॅबमध्ये परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट खुपत होती. अर्धा. बरोबर अर्धा. प्रत्येक ड्रममध्ये. चोर काय तागडी घेऊन बसला होता? बरं, चोरून नेऊन करणार काय? पेणच्या बाजारात इमिडॅझोलला गिऱ्हाईक कोण? आणि मिठाचे खडे वेगळे, इमिडॅझोलचे वेगळे. दोन्ही फावड्याने कितीही कालवलं तरी वरच्या थरात एक आकडा येईल आणि तळाशी दुसरा. पिठात मीठ नीट कालवलं नाही तर एक भाकरी खारट आणि एक अळणी होते, हे कोणीही सांगेल.

"नाझनीन, तू वरून, मधून, खालून सॅम्पल घेतलेस?"

"घेतले ना. सगळीकडे सारखं."

"ड्रमचं सील?"

"मीच तोडलं, मॅडम. कंपनीचंच सील होतं. शाबूत."

मी मशीनसमोर जाऊन उभी राहिले. ऑटोटायट्रेटर म्हणतात त्याला. मी लग्नात हळद लावून घेत होते, तेव्हा हे लॅबमध्ये बसवलं होतं. त्याआधी आम्ही हेच काम हाताने करायचो, टायट्रेशन. शाळेत तुम्हीही केलं असेल. खाली बीकरमध्ये मालाचं द्रावण, वर काचेच्या नळीत अ‍ॅसिड. थेंब थेंब अ‍ॅसिड सोडायचं. माल बेस असतो, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाचा, तो पडलेलं अ‍ॅसिड खात जातो. सगळा बेस संपला की आत टाकलेल्या इंडिकेटरचा रंग पालटतो. आमचा निळ्याचा पिवळा व्हायचा. तिथे नळ बंद करायचा आणि किती अ‍ॅसिड लागलं त्यावरून माल किती खरा होता ते काढायचं. मशीन रंग बघत नाही. ते पीएच मोजतं, म्हणजे द्रावण किती आंबट आणि किती तुरट, त्याचा आकडा. आपण सांगितलेल्या पीएचला पोचलं की अ‍ॅसिड सोडणं बंद करतं आणि हिशेब छापतं.

आपण सांगितलेल्या पीएचला.

"नाझनीन, एंडपॉइंट किती ठेवलाय?"

"सात."

"कोणी ठेवला?"

"साहेबांनी. इंजिनिअर मशीन बसवायला आला होता, त्याने विचारलं. साहेब म्हणाले, सात, अजून काय असणार? न्यूट्रल म्हणजे सात. मग त्यांनी कॉस्टिक सोड्यावर डेमो केला. एकदम बरोबर आला."

चूक तिथेच होती.

सांगते का ते. आमच्या कंपनीच्या गेटवर लाल आकड्यांचा एक बोर्ड आहे. बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याचा पीएच त्यावर दिवसभर दिसतो. सबनीस साहेबांनी क्यूसीत यायच्या आधी वर्षानुवर्षं ते सांडपाण्याचं खातं सांभाळलं. तिथे सात दिसला की सगळं आलबेल. सात दिसला की प्रदूषण बोर्डाचे अधिकारी चहा पिऊन जातात. वॉचमनसुद्धा शिफ्टवर येताना आधी त्या लाल आकड्याकडे बघतो आणि मग पंचिंग करतो. या कंपनीत सात हा आकडा देवघरात ठेवल्यासारखा आहे. तोच साहेबांनी लॅबमध्ये आणून बसवला.

कॉस्टिकला सात चालतो. कॉस्टिक दांडगा बेस आहे, त्याचा शेवट सातवरच होतो. इमिडॅझोल हा वीक बेस, मवाळ. त्याचा शेवट सातवर होतच नाही.

मी ड्रॉवरमधून कोरा कागद ओढला. "बस इथे. कॅल्क्युलेटर काढ."

हिशेब अवघड नाही. वीक बेसमध्ये अ‍ॅसिड टाकत गेलं की आत दोन गट पडतात. एक अजून मोकळा असलेला बेस, दुसरा अ‍ॅसिड खाऊन बसलेला. टायट्रेशन चालू असताना कोणत्याही क्षणी पीएच किती, ते या दोन गटांच्या प्रमाणावर ठरतं. प्रत्येक बेसचा स्वतःचा एक ठरावीक आकडा असतो, त्याला आम्ही पीकेए म्हणतो. त्यात मोकळा भागिले खाल्लेला याचा लॉग मिळवायचा. झाला पीएच.

"दोन्ही गट सारखे असतील तर?" मी नाझनीनला विचारलं.

"एक भागिले एक. एकचा लॉग शून्य. मग पीएच म्हणजे पीकेएच."

"आणि इमिडॅझोलचा पीकेए किती?"

तिने पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी बघितले नव्हते.

"सात, मॅडम. जवळजवळ सात."

म्हणजे अर्धा बेस संपतो तेव्हाच पीएच सात होतो. मशीन बरोबर अर्ध्या वाटेवर थांबत होतं. प्रत्येक ड्रमला, प्रत्येक वेळी, इमानदारीने. अर्धा माल गेला नव्हता. अर्धा मोजायचाच राहिला होता.

बाहेर फोर्कलिफ्ट कुठेतरी पिपाण्या वाजवत मागे येत होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एक माणूस सिक्युरिटी केबिनमध्ये बसला होता.

"पण मॅडम, मीठ? साहेबांच्या नळीत साका पडला तो?"

हा खरा प्रश्न होता. "त्यांनी बीकर कुठलं उचललं?"

नाझनीनने मशीनखालच्या जागेकडे बघितलं. "माझंच. टायट्रेशन झालेलं. अजून धुतलं नव्हतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही टायट्रेशनला कोणतं अ‍ॅसिड वापरतो? हायड्रोक्लोरिक. त्यात काय असतं? क्लोराइड. आम्हीच आमच्या हाताने ओतलेलं क्लोराइड साहेबांनी शोधून काढलं होतं, आणि त्यावर एका माणसाला चोर ठरवलं होतं. शिकलेला, मोठ्या पगाराचा माणूस! रागात माणसाला धुतलेलं बीकर आणि न धुतलेलं बीकर यातला फरक दिसत नाही, हे मला माहीत होतं. इतकं दिसत नाही हे माहीत नव्हतं.

नुसतं असं जाऊन सांगितलं असतं तर सबनीस साहेबांनी मानलं नसतं. म्हणून आधी आकडे काढले. अ‍ॅसिडचा एक थेंबही पडला नाही तेव्हा पीएच दहा यायला हवा. पाव अ‍ॅसिड पडल्यावर साडेसात. अर्धं पडल्यावर सात. पाऊण पडल्यावर साडेसहा. दहातले नऊ भाग पडल्यावर सहाच्या जरा वर. बघा, एवढा सगळा बेस संपत आला तरी पीएच सातच्या आसपासच घुटमळतोय. मग शेवटी एकदम घसरण, थोड्याशा थेंबांत पाचवरून तीनवर. आणि बेस पूर्ण संपतो तो क्षण चार पॉइंट एकच्या आसपास. तोच खरा एंडपॉइंट. आमचा जुना इंडिकेटर तिथेच निळ्याचा पिवळा होतो, म्हणून तर तो निवडला होता.

कागद तयार झाला. मी सबनीस साहेबांना आणि नायर साहेबांना लॅबमध्ये बोलावलं. गोरे आले नाहीत, ते हिराजींशी बोलत होते.

नवं सॅम्पल, स्वच्छ बीकर, जुनी ब्युरेट आणि बाजूला पीएच मीटर. अ‍ॅसिड मी सोडत होते आणि मीटर नाझनीन वाचत होती. कागद नायर साहेबांच्या हातात दिला होता.

"सुरुवात," मी म्हणाले.

"नऊ पॉइंट नऊ."

नायर साहेबांनी कागद बघितला. "इथे दहा आहे. ठीक."

पाव अ‍ॅसिड. "सात पॉइंट पाच." अर्धं. "सात."

"इथे मशीन थांबतं," मी म्हणाले. "आता बघा. मी थांबत नाही."

सबनीस साहेब हाताची घडी घालून उभे होते. सहा पॉइंट पाच. सहा. मी थेंबावर आले. पाच. एक थेंब. चार पॉइंट सहा. थेंब. चार पॉइंट एक. अजून थोडे थेंब, आणि आकडा घरंगळत तीनवर आला. बीकरमध्ये निळा कधीच संपला होता आणि स्वच्छ पिवळा उभा होता.

मी हिशेब केला. नव्याण्णव पॉइंट पाच.

मग ड्रममधले ताजे खडे पाण्यात विरघळवले, त्यात आधी थोडं नायट्रिक अ‍ॅसिड टाकलं, ही टेस्ट तशीच करायची असते, आणि वरून सिल्व्हर नायट्रेट. नळी नायर साहेबांच्या हातात दिली. पाण्यासारखी नितळ. साक्याचं नाव नाही.

"मला समजेल असं सांगा," नायर साहेब म्हणाले. ते मेकॅनिकल इंजिनिअर.

"साहेब, मी रोज पेणहून रोह्याला येते. एक दिवस नागोठण्याला उतरले आणि म्हणाले की रोहा आलं, तर अंतर अर्धंच भरणार ना? म्हणून रोह्याचा अर्धा रस्ता कोणी चोरला, असं होत नाही. मशीनला आपण नागोठण्याचं तिकीट दिलं होतं."

नायर साहेब खुर्चीवर बसले. "म्हणजे काहीच गेलं नाही?"

"एक खडासुद्धा नाही."

सबनीस साहेब कागदाकडे बघत होते. मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी घातला नाही. "डेमो बरोबर आला होता," एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात दार उघडून गोरे आले. चेहऱ्यावर समाधान.

"सर, काम झालं. त्याने कबूल केलं."

नायर साहेब खुर्चीतून उठले.

"काय कबूल केलं?" नायर साहेबांनी विचारलं.

"की त्यानेच केलं. मी सांगितलं, बाबा, मशीनचा रिपोर्ट आहे, तुझी गोणी सापडलीय. मान्य केलंस तर पोलीस नकोत, राजीनामा दे आणि घरी जा. मग म्हणाला, मीच."

इतक्या वर्षांत मी स्फोट बघितलाय, गळती बघितलीय, एकदा अ‍ॅसिडने बूट विरघळलेला बघितलाय. पण त्या वाक्यासारखा धक्का मला कशानेच बसला नव्हता. न झालेली चोरी एका माणसाने कबूल केली होती.

मी कोणाला न विचारता गेटकडे निघाले. मागून नायर साहेब येत होते, ते मला पायऱ्यांवर कळलं.

सिक्युरिटी केबिनमध्ये हिराजी बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. समोर पाण्याचा ग्लास भरलेला, तसाच.

"हिराजीदादा," मी म्हणाले, "तुम्ही केलं नाहीत. मग हो का म्हणालात?"

त्यांनी वर बघितलं. "मॅडम, मशीन सांगतं ना. मशीन कशाला खोटं बोलंल?"

"पण तुम्हाला माहीत होतं, तुम्ही नाही केलं!"

"व्हय. मी नाय केला." त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "पन चावी माझ्याकडं हाय. सील माझं हाय. अर्धा माल गेला म्हनल्यावर माझ्याच दारातून गेला ना? आता कोनाचं नाव घेऊ? खाली दोन पोरं हायत लोडिंगला, लहान पोरांची बापं. त्यांच्यातल्या कोनी केलं असंल, म्हनलं. ती जेलात जातील. माझं काय, घरी जायचाच टाइम झालाय. म्हनलं, मीच."

"दादा, काही गेलंच नाही. माल पूर्ण आहे. मशीन चुकीच्या ठिकाणी थांबत होतं."

त्यांना ते समजायला वेळ लागला. माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या नायर साहेबांकडे बघितलं.

"कायच गेलं नाय?"

"काहीच नाही."

"मंग," ते म्हणाले, "मी काय कबूल केला?"

नायर साहेब पुढे झाले, त्यांनी हिराजींच्या मांडीवरची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "म्हात्रे, चला. तुमच्या स्टोअरमध्ये चला." हिराजी उठले. गेटवरच्या बोर्डवर लाल सात जळत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. सबनीस साहेबांनी स्टोअरमध्ये जाऊन माफी मागितली. गोऱ्यांनीही मागितली, नायर साहेब शेजारी उभे असताना. मशीनचा एंडपॉइंट बदलला. आता कोणताही नवा माल मशीनवर घ्यायच्या आधी पीएचचा हिशेब कागदावर काढायचा आणि एकदा हाताने करून बघायचं, असा नियम झाला. लॅबमध्ये नवीन मुलं येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते. सात हा पाण्याचा आकडा आहे, प्रत्येकाचा नाही. मशीनला कुठे थांबायचं ते आपण सांगतो. आणि आकडा खटकला तर आधी बीकर धुवा, मग माणसाचं नाव घ्या. मुलं हसतात. मी हसत नाही.

हिराजी आणखी एक उन्हाळा होते. त्या उन्हाळ्यात मी कैऱ्या आणल्या, मोठी बरणी धुवून ठेवली आणि स्टोअरच्या मागच्या खोलीत डोकावले. गोणी नव्हती.

"दादा, या वर्षी मीठ नाही का आणलं?"

ते रॅकवर लेबलं लावत होते. हात थांबला नाही. "मॅडम, घरी या, हवं तेवढं न्या. पन कंपनीत आता पांढरं कायच आनत नाय मी."

मी त्या वर्षी लोणच्याचं मीठ पेणला रामवाडीच्या दुकानातून आणलं, पुडीतलं. लोणचं बिघडलं नाही. पण लॅबमधल्या कोणीच त्या वर्षी लोणच्याचा विषय काढला नाही.